पाच मिलिमीटरांची बखर

आजचा धागा गडकोटांचा नाही, मोडी कागदांचाही नाही. तो तुमच्या सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या एका वस्तूचा आहे: उंच बैठकीची, रुंद खांद्यांची, पुढून रुबाबदार आणि मागून एकाएकी संपणारी छोटी एसयूव्ही. तिलाही इतिहास आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो.

रूढ कथा अशी. भारतीय ग्राहकाला उंच गाडीची हौस होती, रस्ते खड्ड्यांचे होते, शहरे दाटीची होती. म्हणून कुशल अभियंत्यांनी खास भारतासाठी हा आकार घडवला. कथा गोड आहे, पण ती बखर आहे. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, हा धडा राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याला घालून दिला. या गाडीचा अस्सल कागद कोणत्याही कंपनीच्या दप्तरात नाही. तो 28 फेब्रुवारी 2006 रोजी पी. चिदंबरम यांनी संसदेत मांडलेल्या अर्थसंकल्पात आहे.

त्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले. लहान म्हणजे काय, हेही ठरवून दिले: लांबी 4000 मिलिमीटरपेक्षा अधिक नाही, इंजिन पेट्रोलचे असल्यास 1200 सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास 1500 सीसीपर्यंत. हेतू निर्मळ होता. लहान, कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांचे भारत हे जागतिक केंद्र व्हावे, अशी ती कल्पना होती.

आता मापे पाहा. मारुतीची व्हिटारा ब्रेझा 3995. ह्युंदाईची व्हेन्यू 3995. कियाची सोनेट 3995. महिंद्राची एक्सयूव्ही 300, तीही 3995. चाकणला तयार होणारी स्कोडाची कायलाक 3995. टाटांची पहिली नेक्सॉन आणि निसानची मॅग्नाइट 3994. जपानी, कोरियन, झेक आणि देशी घराण्यांची अभिरुची पाच-सहा मिलिमीटरांच्या फरकाने एकाच बिंदूवर येऊन थांबते, हा योगायोग मानायचा असेल तर आपण इतिहास वाचणे सोडून द्यावे.

येथे कोणी म्हणेल, हौस तर खरीच होती ना? होती. खड्डेही खरे आहेत. पण हौसेने गाडीची उंची समजते, खड्ड्यांनी तिचा ग्राउंड क्लिअरन्स समजतो. 3995 हा आकडा दोहोंपैकी कशानेही समजत नाही.

कात्री चालवण्याचा पहिला ठळक प्रयोग सेडानवर झाला. 2008 मध्ये पुण्याच्या टाटा मोटर्सने इंडिगोची शेपटी छाटून 3988 मिलिमीटरची इंडिगो सीएस आणली. 2012 मध्ये मारुतीने चार मीटरांहून लांब असलेली डिझायर आखूड केली. त्याच वर्षी महिंद्राने साडेचार मीटरांच्या झायलोचा अर्ध्या मीटरहून अधिक भाग कमी करून क्वांटो काढली. ती पाहिलेल्यांना छाटणी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. (चिंचवडच्या प्रीमियरची रिओ 2009 मध्येच आली होती, असे कोणी तरी लिहीलच. खरे आहे, पण ती मुळातच आखूड होती.) 2013 मध्ये फोर्डच्या इकोस्पोर्टने हा वर्ग लोकप्रिय केला आणि 2016 मध्ये ब्रेझाने तो घरोघरी नेला. इंजिनांचेही तेच झाले. स्विफ्टचे 1.3 लिटरचे पेट्रोल इंजिन 2010 मध्ये 1197 सीसीचे झाले. आज बाजारात 1197, 1198, 1199 या आकड्यांची जी गर्दी दिसते, ती याच मर्यादेच्या आत राहण्यासाठी.

सर्वांत बोलका पुरावा एक्सयूव्ही 300 चा. नाशिकला बनलेल्या या गाडीचे मूळ कोरियातील सांगयाँग टिवोली. टिवोलीची लांबी सुमारे 4200 मिलिमीटर. दोघींच्या चाकांमधील अंतर एकच, 2600. म्हणजे गेलेले वीस सेंटिमीटर चाकांच्या पुढून-मागून कापले गेले, आणि त्याची झळ बसली डिकीला: टिवोलीत 423 लिटर, येथे 257. गावी जाताना मागच्या सीटवर आजीच्या पायांशी ठेवलेली बॅग ही अर्थसंकल्पाची देणगी आहे.

आणि कियाची सोनेट? आंध्रातील अनंतपूरच्या कारखान्यात ती दोन लांबींत तयार होते. भारतासाठी 3995, निर्यातीसाठी 4120. जी तरतूद भारताला जगाचे केंद्र करण्यासाठी आणली, तिने घडवलेला आकार सीमा ओलांडताना बदलावा लागतो.

अभियंत्यांना मी कमी लेखत नाही. रांजणगावच्या नेक्सॉनने 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले, आणि ते याच कुंपणात राहून. माझा वाद कुंपणाशी आहे. जपाननेही ‘के’ वर्गाच्या मोटारींना करसवलत दिली. पण तेथे लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सीसी आणि उंचीलाही मर्यादा. गाडी खरोखरच लहान राहते. आपण लांबी तेवढी बांधली. रुंदी, उंची, वजन मोकळे सोडले. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगणारच. एक्सयूव्ही 300 ची रुंदी 1821 मिलिमीटर आहे. या गाडीला आणि आल्टोला कायदा एकाच पंगतीत बसवतो.

ही चूक जुनी होऊन विरली असती तर धागा लिहिला नसता. पण ती वाढत गेली. 2006 मध्ये लहान आणि त्यावरची मोटार यांच्या करात 8 टक्क्यांचे अंतर होते. वस्तू व सेवा करात, सप्टेंबर 2017 नंतर, लहान पेट्रोल मोटारीवर उपकरासह 29 टक्के आणि मधल्या वर्गावर 45, अंतर 16. दिनांक 22 सप्टेंबर 2025 पासून 18 आणि 40; अंतर 22. दर अनेकदा बदलले, व्याख्या तीच राहिली: 4000, 1200, 1500. एकोणीस वर्षांत कोणत्याही सरकारला वजन किंवा प्रत्यक्ष इंधनखप मोजावासा वाटला नाही. तो मोजला असता, तर हलकी पण प्रशस्त डिकीची गाडी घेणाऱ्या कुटुंबाला केवळ वीतभर लांबीसाठी 40 टक्क्यांचा दंड भरावा लागला नसता.

इंग्लंडात 1696 पासून खिडक्यांवर कर होता. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. 1851 मध्ये कर उठला, पण काही जुन्या घरांच्या बुजवलेल्या खिडक्या आजही तशाच आहेत. आपल्याकडची बुजलेली खिडकी म्हणजे ब्रेझा. 2020 मध्ये तिचे डिझेल इंजिन गेले आणि 1462 सीसीचे पेट्रोल इंजिन आले. त्या दिवसापासून ती ‘लहान मोटार’ राहिली नाही. आज तिच्यावर 40 टक्के कर आहे. 2022 मध्ये ती नव्या रूपात आली, तेव्हा लांबी वाढवायला कायद्याची कोणतीही आडकाठी नव्हती. तिची लांबी आजही 3995 आहे.