बिस्किटाचा पुडा वाचता, मग पॉलिशचा डबा का नाही?



बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे आपण चष्मा लावून वाचतो. पॉलिशचा डबा कधी वाचला आहे का?

मुलाने गच्चीवर सागवानी डेक करून घेतला. पॉलिशवाला म्हणाला, "काकू, चपडा मारतो. एकदम नैसर्गिक!" सुनेला हवा होता गडद वॉलनट रंग. मी दोन्हींना नाही म्हटले आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

चपडा म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, त्यांचा हा स्राव. फांद्या तोडून तो खरवडतात, त्यात असंख्य किडे मरतात. हाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की झाले स्पिरिट पॉलिश. नैसर्गिक आहे, पण अहिंसक नाही. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य आहे, हे आपण व्याख्यानात ऐकतो. "आपण कुठे व्यापार करतो? फक्त वापरतो," असे काही जणी म्हणतील. मी कॉमर्सची पदवीधर आहे. गिऱ्हाईकच नसेल तर दुकान चालत नाही, एवढे मला कळते.

शिवाय चपडा उघड्यावर टिकत नाही. पावसाने पांढरा पडतो, उन्हाने मऊ होतो. म्हणजे पाप करूनही पैसे वाया.

आता रंग. गडद लाकूड मे महिन्यात पायाला चटके देते, हे एक. खरी गोष्ट दुसरी: त्यावर काळी मुंगी दिसत नाही. पाऊल बघून टाका, असे आपण नातवंडांना शिकवायचे आणि जमीनच अशी करायची की बघूनही दिसू नये? अगदी बिनरंगी लेपही नको, कारण उन्हापासून लाकडाला वाचवतो तो त्यातला रंगच. म्हणून मी फिकट सागवानी छटा निवडली. तीही लाकडात मुरणारा, बाहेरच्या कामाचा स्टेन. वरच्या वर बसणाऱ्या व्हार्निशचे पापुद्रे निघतात, मग सगळे घासा. मुरणाऱ्या स्टेनवर साफ करून पुन्हा हात फिरवता येतो. घेण्याआधी दुकानदाराकडून कंपनीला विचारून घेतले की यात लाख नाही ना.

सून म्हणाली, "आई, लाकूड तरी कुठे अहिंसक आहे?" बरोबर बोलली. झाड तोडल्याचा दोष आहेच. म्हणूनच ते लाकूड वर्षानुवर्षे टिकले पाहिजे. पाणी मुरून ते कुजले, शेवाळ धरले, वाळवी लागली, तर पुढे औषध फवारावे लागेल. ती हिंसा आज टाळता येते.

काम कोरड्या दिवसांत, सकाळी करून घ्या. रात्री दिव्याखाली नको, ओल्या स्टेनवर किडे चिकटतात.

शेवटी माझीच चूक सांगते. आमच्या देवघराला वीस वर्षांपूर्वी चपड्याचेच पॉलिश झाले. चकाकी बघून मीच पैसे मोजले होते, डबा वाचला नव्हता. रोज त्याच्यासमोर दिवा लावते.

मिच्छामि दुक्कडम्.