थिबा राजाच्या समाधीवर आलेले दोन पाहुणे

डिसेंबर २०१६ मध्ये म्यानमारहून काही बडी मंडळी आमच्या रत्नागिरीत आली होती. निमित्त थिबा राजाच्या शंभराव्या पुण्यतिथीचं. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा, ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेला. तीस वर्षं इथे नजरकैदेत राहिला आणि इथेच वारला. त्यांचा राजा आमच्या गावात आणि आमच्या गावात जन्मलेले टिळक त्याच राजाच्या मंडालेत, हा ब्रिटिशांचा हिशेब मी वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. मुलांना तो आवडायचा.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत दोघं महत्त्वाचे होते. उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आणि सरसेनापती मिन आँग हलाईंग. परक्या राजवटीने हद्दपार केलेल्या राजाला ते मान द्यायला आले होते. त्याच सुमारास त्यांच्या देशाच्या पश्चिम टोकाला, राखाईन प्रांतातल्या माउंगडॉ भागात, या सरसेनापतींचं सैन्य गावं जाळत होतं आणि रोहिंग्या मुसलमान कुटुंबं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात पळत होती. ऑक्टोबरमध्ये सशस्त्र टोळ्यांनी सीमा पोलिसांच्या चौक्यांवर हल्ले करून नऊ पोलीस मारले होते, हेही खरं. त्याची शिक्षा सबंध गावांना मिळाली.

गंमत अशी की तेव्हा तिथे लष्करी राजवट नव्हती. आंग सान स्यू की निवडून आल्या होत्या, आणि जग टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या.

मी शाळेत इतिहास शिकवला आणि सरकारच्या हुकमाने मतदारयाद्यांचं कामही केलं. ज्यांनी बीएलओची, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, ड्युटी केली आहे त्यांना ठाऊक असेल, यादीतून एक नाव काढायचं तर किती उपद्व्याप असतात. कोकणात निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला. शेजारी सांगतात, गणपतीला येतील. तरी नाव तसंच्या तसं कापता येत नाही. नमुना ७ भरा, नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका. तेव्हा मला हे सगळं कटकटीचं वाटायचं. म्यानमारची २०१५ ची निवडणूक वाचल्यावर त्या कटकटीबद्दल मला आदर वाटायला लागला.

त्या निवडणुकीपूर्वी काय झालं ते आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. रोहिंग्यांकडे ‘पांढरी कार्डं’ होती. तात्पुरती ओळखपत्रं. नागरिकत्व नाही, पण २०१० मध्ये, लष्कराने घेतलेल्या निवडणुकीत, त्याच कार्डांवर त्यांनी मत दिलं होतं. लष्कराला त्यांची मतं आपल्या पक्षासाठी हवी होती, बाकी प्रेम काही नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये भिक्खूंचे मोर्चे निघाले, आणि राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या कार्यालयाने जाहीर केलं की ३१ मार्चनंतर ही कार्डं रद्द. नोटीस नाही, सुनावणी नाही, लाखो नावं गेली. बुथिडाँगचे श्वे माउंग हे तेव्हा विद्यमान रोहिंग्या खासदार, वडील पोलीस खात्यात नोकरी केलेले. त्यांनाच सांगण्यात आलं की तुमच्या जन्माच्या वेळी तुमचे आईवडील नागरिक नव्हते, सबब तुम्हाला उभं राहता येणार नाही.

आणि स्यू कींचा पक्ष? नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने अकराशेवर उमेदवार उभे केले. त्यांत एकही मुसलमान नव्हता. कोणी फारसा आवाज केला नाही. मतदान एकंदरीत नीट पार पडलं, असं मोठमोठे निरीक्षक म्हणाले.

मला मुद्दा मांडायचा आहे तो इथलाच. लष्करशाही गेली की अल्पसंख्य सुटतील असं आपण गृहीत धरतो. म्यानमारमध्ये क्रम उलटा होता. रोहिंग्यांना यादीबाहेर काढण्यावर बहुसंख्य बामर समाज, बराचसा भिक्खूसंघ, लोकशाहीवादी पक्ष आणि लष्कर यांचं एकमत होतं. ज्या एका गोष्टीवर लष्कर आणि त्याचे विरोधक एकत्र उभे राहिले ती ही, आणि त्या एकमताचा फायदा लष्कराला झाला. देशाचे रक्षक आम्हीच, हे सेनापतींना नव्याने सिद्ध करता आलं.

पाया जुना आहे. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि आधी हिंदुस्थानी वंशाचे दुकानदार, कारकून, सावकार देशोधडीला लावले. मग १९७८ च्या मोहिमेत दोन लाखांच्या आसपास रोहिंग्या पळाले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून देशात असलेल्या वंशांनाच अस्सल ठरवलं, आणि मान्य वंशांच्या यादीत रोहिंग्या नाहीत. १८२४ साली पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झालं म्हणून हे वर्ष. असा निकष उद्या मुंबईला लावला तर किती जण उरतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालेल्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या देश सोडून गेले. त्यातलं एकच गाव सांगते, इन दिन. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे दहा रोहिंग्या पुरुषांना गुडघ्यांवर बसवलं आणि मग मारलं. वा लोन आणि क्याव सो ऊ या रॉयटर्सच्या दोन ब्रह्मी वार्ताहरांनी ते शोधून काढलं, तर त्यांनाच सात वर्षांची शिक्षा झाली. शासकीय गुपिते कायदा, १९२३ चा. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात होता, म्हणून तो तिथे आहे, आपल्याकडेही आहेच. मारणाऱ्या सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ते वर्ष भरायच्या आत सुटले. वार्ताहरांनी पाचशेवर दिवस काढले. या शिक्षेचं स्यू कींनी जाहीरपणे समर्थन केलं.

त्यांची बाजू घेणारे म्हणतात, त्या तरी काय करणार? २००८ च्या राज्यघटनेने संसदेच्या पाव जागा लष्कराला दिलेल्या. दुरुस्तीला तीन चतुर्थांशांहून जास्त मतं हवीत. गृह, संरक्षण, सीमा ही खाती सेनापतीच्या हातात. एक उपराष्ट्राध्यक्षही लष्कराच्याच पसंतीचा. हे सगळं मान्य. पण गांबियाने दाखल केलेल्या वंशसंहाराच्या खटल्यात डिसेंबर २०१९ मध्ये हेगला स्वतः जाऊन लष्कराचा बचाव करा, असं कोणत्या कलमात लिहिलं होतं? वकील पाठवता आला असता. त्या गेल्या, आणि निघताना देशात त्यांच्या समर्थनाचे मोर्चे निघाले. पुढच्या वर्षी मतं भरभरून पडली. माझ्या मते ही अगतिकता नव्हती, हिशेब होता, आणि तो फसला.

१ फेब्रुवारी २०२१. लष्कराने राष्ट्राध्यक्षांना अटक केली, स्यू कींनाही. रिकाम्या खुर्चीवर उपराष्ट्राध्यक्ष बसले, त्यांनी आणीबाणी पुकारली आणि सारे अधिकार सरसेनापतींना देऊन टाकले. देणारे म्यिंट स्वे, घेणारे मिन आँग हलाईंग. रत्नागिरीचे दोन्ही पाहुणे.

त्यानंतर यांगूनमधली तरुण मुलं गोळ्या खात असताना समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची माफी मागू लागली. पदच्युत लोकप्रतिनिधींच्या, लपून काम करणाऱ्या राष्ट्रीय ऐक्य सरकारने जून २०२१ मध्ये १९८२ चा कायदा रद्द करण्याचं वचन दिलं. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. पण ज्यांच्या हातात राखाईनची बरीचशी जमीन गेली त्या आराकान आर्मीवरही, म्हणजे राखाईन वंशीयांच्या सशस्त्र संघटनेवरही, २०२४ मध्ये रोहिंग्यांना मारल्याचे आरोप झाले. आणि त्याच वर्षी लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला. तो नागरिकांसाठी आहे, तरी राखाईनमधल्या छावण्यांतून रोहिंग्या पोरं उचलून नेली. मत द्यायला नागरिक नाही, मरायला चालतो.

आपल्याकडे या प्रश्नावर चर्चा सुरू झाली की ती थेट ‘परत पाठवा’ इथे पोहोचते. परत कुठे आणि कोण म्हणून, हे कोणी विचारत नाही. बांगलादेश आणि म्यानमारने परतीचा करार केला, त्यानंतर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कॉक्स बाजारच्या छावण्यांतून लोकांना न्यायची तयारी झाली. दोन्ही वेळा कोणीही गेलं नाही. त्यांना पडताळणीचं आणखी एक कार्ड नको होतं. आधी नागरिकत्व द्या, मग येतो, असं ते म्हणत होते. दिल्लीला म्यानमारच्या सेनापतींशी बोलावंच लागतं, शेजार आहे, सीमा आहे. मग त्या बैठकीत रस्ते आणि बंदरं यांच्याआधी १९८२ च्या कायद्याचा विषय काढावा, एवढं तरी आपण आपल्या खासदारांकडे मागायला हवं.