श्रेयांक टिकलेल्या कामालाच द्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयीन अभ्यासक्रमात समाजसहभाग प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले, याचे आम्ही स्वागत करतो. मात्र नुसत्या अहवालावर ते देऊ नयेत, गावात टिकलेले काम पाहूनच द्यावेत.

पण काम टिकणे अवघड, कारण महाविद्यालयाचे सत्र आणि पाण्याचा ऋतू यांचा मेळ आज बसत नाही. वनराई बंधारा पावसाळा सरताना, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून रचलेला हा बांध एका हंगामापुरता. दरवर्षी नव्याने घालावा लागतो. नेमके तेव्हा विद्यार्थी सत्रपरीक्षेत किंवा दिवाळीच्या सुट्टीत असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. तोवर मराठवाड्यातल्या कित्येक ओढ्यांची धार आटलेली असते. रोपांचेही तेच. जुलैत लावलेल्या रोपाला खरी गरज एप्रिल-मेमध्ये पाण्याची, आणि त्या वेळी महाविद्यालये ओस. ज्या मुलांनी मनापासून खड्डे खणले, त्यांच्या वाट्याला वाळक्या काड्या येतात. पुढच्या तुकडीवर गाव विश्वास ठेवत नाही, आणि हे नुकसान आम्हाला अधिक गंभीर वाटते.

विद्यापीठांनी शिबिरांच्या तारखा स्थानिक पाऊसमान पाहून ठरवण्याची मुभा महाविद्यालयांना द्यावी, एकाच गावाशी किमान तीन वर्षे बांधिलकी सक्तीची करावी आणि मूल्यमापनात ग्रामसभेचे लेखी मत घ्यावे. पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वीच हा निर्णय झाला पाहिजे.