ज्याच्याकडे सातबाराच नाही, त्याचा विकास कोणत्या रकान्यात?

जागतिक बँक म्हटले की आपल्या तरुणांना वॉशिंग्टन आठवते. आम्हाला जळगाव आणि धुळे आठवते. या बँकेचा पैसा खानदेशच्या मातीत एकदा नाही, अनेकदा उतरला आहे. आपण आरक्षणावर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो, अॅट्रॉसिटीवर मोर्चे काढतो; ते काढलेच पाहिजेत. पण हे कर्ज गावात येते तेव्हा ते कोणाच्या बांधावर थांबले, हे विचारायला आपला माणूस ग्रामसभेत नसतो.

'पोकरा' घ्या. सरकारी नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. 2018 मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाडा-विदर्भाच्या जिल्ह्यांबरोबर त्यात जळगाव आला. एकूण 15 जिल्हे. ठिबक, शेततळे, शेडनेट, फळबाग. हवामान बदलाच्या तडाख्यात लहान शेतकरी टिकावा, हा हेतू. हेतूशी आमचे भांडण नाही. ठिबकने पाणी वाचते हे जळगावकराला कुणी शिकवायला नको.

प्रश्न अर्जाच्या पहिल्या कागदापासून सुरू होतो. सातबारा आणि आठ-अ जोडा. बौद्धवाड्यातला, मातंग वस्तीतला, भिलाटीतला जो माणूस पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची केळी कापतो आणि कापूस वेचतो, तो सातबारा कुठून आणणार? त्याच्यासाठी योजनेत शेळ्या आहेत, परसातल्या कोंबड्या आहेत. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याला पाणी, ज्याच्याकडे नाही त्याला शेळी! ती चारायची कुठे? गायरानावर. आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या त्या याच गायरानांवरच्या 'अतिक्रमणां'साठी.

त्यात अनुदानाची रीत बघा. आधी स्वतःच्या खिशातून खर्च करा, मग तपासणी, मग पैसे खात्यावर. भ्रष्टाचार थांबावा म्हणून ही पद्धत आहे, हे मान्य. पण ज्याच्या घरात आठवड्याची मजुरी हीच शिल्लक, त्याने आधी खर्च करायचा म्हणजे सावकाराच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या दारात जायचे. रांगेत उभे राहायलाच भांडवल लागते, तिथे दुर्बल घटकाचे नाव कागदापुरतेच उरते.

उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. आयफॅड या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने 2007 पासून माविमने 'तेजस्विनी' राबवला. बचत गटात बसायला बाईला सातबारा लागत नाही, म्हणून भूमिहीन घरातली बाईही तिथे पोहोचू शकते. बचत गटाने जातीची उतरंड मोडत नाही, कर्ज शेवटी कर्जच असते, हे आम्ही जाणतो. पण पात्रतेची अट बदलली की दार कोणासाठी उघडते तेही बदलते, एवढे तरी त्यातून दिसते.

मूळ दुखणे जमिनीचे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी ते ओळखले होते. 1959 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात खानदेश होता. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांच्याच नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आज 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती जमीन देऊ म्हणते. पण सरकारी दराने जमीन विकायला तयार होणारा मालक शोधून सापडत नाही. परदेशी कर्ज काढून शेततळी खोदणाऱ्या सरकारला हा दर वाढवणे जड का जाते?

कुणी म्हणेल, जागतिक बँकेपुढे आपले काय चालणार? धुळ्याने तिच्यापुढे काय चालते ते दाखवले आहे. 1985 मध्ये बँकेने सरदार सरोवरासाठी 45 कोटी डॉलर दिले. त्यात बुडणारी महाराष्ट्रातली 33 गावे अक्कलकुवा-अक्राणीची, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. नंदुरबार वेगळा झाला 1998 मध्ये. मणिबेलीचे आदिवासी हटले नाहीत. 1992 मध्ये मोर्स समितीने पुनर्वसनाचे वाभाडे काढले, मार्च 1993 मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच वर्षी बँकेला स्वतःचे तपासणी पॅनेल नेमावे लागले. बँकेच्या प्रकल्पाने नुकसान झालेली दोन माणसेही एकत्र येऊन तिथे तक्रार करू शकतात. सातपुड्यातल्या माणसांच्या लढ्याचा त्यात मोठा वाटा आहे. आपण ते दार किती वेळा ठोठावले?

राज्य सरकारने पोकराच्या दुसऱ्या टप्प्यालाही मंजुरी दिली आहे. तेव्हा भाषणे थोडी कमी करून गावात बसावे लागेल. ग्राम कृषी संजीवनी समितीत आपला सदस्य कोण, तो नुसता सहीपुरता आहे का, हे ग्रामसभेत विचारा. लाभार्थ्यांची यादी जात आणि जमीनधारणेसह मागा. भूमिहीनांना आगाऊ रक्कम मिळावी आणि जुन्या गायरान कसणाऱ्यांना पट्टे मिळावेत, असा ठराव लेखी द्या, त्याची पोच घ्या. यादी दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत.