बिनवासाचा, बिनकेसाचा कुत्रा हवाय म्हणे!

परवा नाशिकहून धाकट्या चिरंजीवांचा फोन. "बाबा, छकुलीने कुत्र्याचा हट्ट धरलाय. पण हिला वास सहन होत नाही आणि मला केसांनी शिंका येतात. वास न येणारी, केस न गळणारी एखादी जात सुचवा ना."

मी म्हटलं, "आहे की. खेळण्यांच्या दुकानात मिळते. आत कापूस भरलेला असतो."

चिरंजीव हसले नाहीत. त्यांना राग आला असावा, म्हणून जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो. घरच्यांनी वाचावं, इतरांनीही वाचावं.

मंडळी, हल्ली विकणारे 'हायपोॲलर्जेनिक' नावाचा एक शब्द तोंडावर फेकतात. पूडल घ्या, शिह त्झू घ्या, शिंका येणार नाहीत! साफ खोटं. शिंका निव्वळ केसांनी येत नाहीत. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात, त्यांनी येतात. लाळ आणि कातडी नसलेला कुत्रा अजून जन्माला यायचाय. २०११ साली अमेरिकेत घराघरांतली धूळ तपासली गेली, तेव्हा या 'सोयीच्या' जातींच्या घरांत ॲलर्जीचा पदार्थ कमी आढळला नाही.

लॅब्राडूडलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन अंधांसाठीच्या कुत्र्यांचं प्रजनन बघत. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण यजमानांना ॲलर्जी. म्हणून त्यांनी १९८९ च्या सुमारास लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. तिघांपैकी एकच त्या गृहस्थांना सोसलं! एकाच आईची पिल्लं, बरं का. मग अख्ख्या जातीची हमी कोण देणार? पुढे या संकराचा जो बाजार झाला, त्याचा खुद्द कॉनरन यांनीच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

हां, केस कमी गळतात हे पूडलच्या बाबतीत खरं. पण ते वाढतच राहतात. दर दीड-दोन महिन्यांनी कापायचे, रोज विंचरायचे, नाहीतर त्यांची जटा होते. केरसुणीचं काम वाचलं, न्हाव्याचं वाढलं. आणि वास? कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान, पगच्या तोंडावरच्या वळ्या, यांत ओल राहिली की वास येणारच. कुत्र्याला फार घाण वास येतो तेव्हा बहुधा कान, दात किंवा कातडी बिघडलेली असते. इलाज जात बदलण्यात नाही, डॉक्टरांकडे नेण्यात आहे.

आपला गावठी कुत्रा, किंवा लातूर-सांगलीकडचा कारवान (मुधोळ म्हणतात तोच, ज्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालं), आखूड केसांचा, वासाला हलका. केस त्याचेही गळतात. मी खोटं बोलणार नाही. पण आपल्या हवेत तो सुखात राहतो. आणि लोक आणतात काय, तर दुहेरी लोकरीचा हस्की! मग रडतात की सोफ्यावर केस पडले.

एवढा चिडून का लिहितोय? आमच्या जुन्या नातेवाइकांना आठवत असेल, १९८६ साली आमच्याकडे मोती होता. पॉमेरेनियन. 'लहान जात आहे, दोन खोल्यांत बरी' एवढाच विचार मी केला होता. सौ.ला दम्याचा त्रास होता. तिला आधी कुत्र्याजवळ तासभर बसवून बघावं, डॉक्टरांना विचारावं, हे मास्तरला सुचलं नाही. दोन वर्षं ती रात्री उठून बसायची आणि मोतीबद्दल चकार शब्द काढायची नाही. शेवटी एका ओळखीच्यांच्या मळ्यावर त्याला सोडलं. महिन्याभराने बघायला गेलो, तर तो धावत आला आणि थेट माझ्या स्कूटरच्या पायरीवर, त्याच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसला. घरी जायचं म्हणून. त्यानंतर मी मळ्यावर गेलो नाही. जायला हवं होतं.

तेव्हा चिरंजीव, जातीची यादी फाडून टाका. ॲलर्जीची तपासणी करून घ्या. तिघं मिळून कुत्र्यांच्या एखाद्या आश्रयस्थानात जा. एकच मोठा झालेला कुत्रा निवडा आणि चार रविवार त्याच्याजवळ तास-दोन तास बसा. सूनबाईंना त्याचा वास सोसला, तुमचे डोळे चुरचुरले नाहीत, तर घेऊन या. आठवड्यातून दोनदा विंचरा, कान कोरडे ठेवा, झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका.

आणि शिंका आल्याच, तर छकुलीला आजच 'नाही' म्हणा. ती चार दिवस रुसेल, मग विसरेल. दोन वर्षांनी कुत्र्याला 'नाही' म्हणणं फार कठीण जातं. त्याला कारण सांगता येत नाही.

असो. कुणाला माझं म्हणणं पटलं नसेल तर खुशाल भांडा. फक्त कुत्रा आणायच्या आधी भांडा.