बाळाच्या लसीबरोबर आईची साखर

गर्भारपणात प्रथमच आढळणारी रक्तातील साखरेची वाढ, म्हणजेच गर्भावधी मधुमेह, बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. म्हणूनच केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची पहिल्याच भेटीत आणि, साखर प्रमाणात असल्यास, २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा चाचणी व्हायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यानंतर दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा त्याहून अधिक भरली की निदान होते. उपाशीपोटी येण्याची अट नसल्याने काही रुग्ण निसटतात ही टीका रास्त आहे, तरी एकाच फेरीत काम उरकणारी ही पद्धत आपल्याकडे योग्यच ठरते.

बडोद्याच्या नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीतील मराठी घरांत अधिक काळजी वाटावी ती बाळंतपणानंतरची. पहिलटकरीण माहेरी, अनेकदा परगावी जाते, तपासणीचे कागद सासरीच राहतात आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी करावयाची, मधुमेह टिकून राहिला आहे की नाही हे सांगणारी चाचणी डिंकाच्या लाडवांच्या धांदलीत राहून जाऊ शकते. सर सयाजीराव जनरल रुग्णालयापासून गल्लीतील प्रसूतिगृहापर्यंत सर्वांनी तिची तारीख घरी सोडतानाच लिहून द्यावी आणि बाळाच्या सहाव्या आठवड्यातील लसीकरणाच्या दिवशीच आईचेही रक्त तपासावे.