पवित्रता कोणाला दिसते?

ख्रिस्ती माणसांत पवित्रता दिसते का, हा प्रश्न मला आजवर पुष्कळदा विचारला गेला आहे. विचारणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे शिक्षकखोलीतले माझे हिंदू आणि मुसलमान सहकारी. त्यांचा सूर थट्टेचा, पण मनात खोट नसलेला. "बाई, तुमच्यात रविवारी एवढा उपदेश होतो, मग सोमवारी काय होते?" दुसरे आमच्याच मंडळीतले तरुण. त्यांच्या प्रश्नात कडवटपणा असतो. पाळकांची भांडणे, मिशनच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे चाललेले दावे, पंच कमिटीच्या निवडणुकीतली ओढाताण हे सगळे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. 'पवित्र' हा शब्द ऐकला की ते हसतात. त्यांच्या हसण्याचा मला राग येत नाही, पण त्यांना उत्तर मिळायला हवे असे मात्र वाटते.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. पवित्रता दिसते. पण आपण ती भलत्याच ठिकाणी शोधतो, आणि ज्यांना ती दिसते त्यांना कधी विचारत नाही.

आधी या शब्दाकडेच पाहू. मराठीत 'पवित्र' म्हटले की मनात पहिल्यांदा सोवळे येते. ओलेत्याने भरलेले पाणी, वेगळे ठेवलेले भांडे, ज्याला शिवायचे नाही असे काहीतरी. जे लांब ठेवायचे ते पवित्र. बायबलमधल्या मूळ हिब्रू शब्दातही 'वेगळे केलेले' हाच अर्थ आहे, तेव्हा भाषांतर चुकले असे म्हणता येत नाही. पण येशूच्या चरित्रात या शब्दाला निराळेच वळण मिळते. तो कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होऊन जाते. जकातदारांच्या पंक्तीला तो बसतो. त्या समाजाच्या नियमाप्रमाणे स्पर्शाने विटाळ पसरत असे. येथे स्पर्शाने शुद्धता पसरते. म्हणजे देवाने वेगळे केलेला माणूस हा लोकांपासून लांब राहण्यासाठी नसून त्यांच्या जवळ जाण्यासाठी आहे.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना हे कोणी शिकवायची गरज नसावी. नगरकडच्या (आता अहिल्यानगर) आणि मराठवाड्यातल्या आमच्या बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले. दुसऱ्याचे सोवळे म्हणजे काय असते, हे त्यांनी पाणवठ्यावर भोगले होते. त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी आज पवित्रतेचा अर्थ पुन्हा 'लांब राहणे' असा करावा, याचे मला वाईट वाटते. शेजारणीने आणलेले दिवाळीचे फराळाचे ताट परत करणे, तिच्या घरच्या कार्याला न जाणे, बांगड्या आणि दागिने उतरवणे, पांढरे कपडे घालणे, ही आजकाल काही मंडळ्यांत पवित्रतेची खूण झाली आहे. कोणी आपल्या विवेकबुद्धीने एखादी गोष्ट सोडली तर मी नावे ठेवणार नाही. पण ताट परत करणारा विश्वासी मुलाची सोयरीक जुळवताना समोरच्यांची मूळची जात हळूच काढतो, तेव्हा मला विचारावेसे वाटते, की बाबा रे, तू नेमके काय सोडलेस? बाहेरचे सोवळे सोडून आतले तसेच ठेवलेस.

आता उपदेशकांविषयी. आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार असले की आठवडाभर आधी भिंती रंगत, तक्ते लागत, पाठाचे टाचण लाल शाईने पूर्ण होई. त्या दिवशीचा वर्ग पाहून कोणी शिक्षकाची परीक्षा केली असती तर आम्ही सगळेच आदर्श ठरलो असतो. शिक्षक कसा आहे हे खरे ठाऊक असते ते मागच्या बाकावरच्या मठ्ठ म्हणवल्या जाणाऱ्या मुलाला. व्यासपीठावरचा उपदेशक हा तपासणीच्या दिवशीचा शिक्षक असतो. त्याचा आवाज भरून येतो, डोळे पाणावतात, वचने तोंडपाठ असतात. हे सगळे खोटेच असते असे नाही. पण त्यावरून तो पवित्र आहे असे ठरत नाही.

रवी झकरायस यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९४६ साली मद्रासमध्ये जन्मलेला हा माणूस जगभर ख्रिस्ती धर्माचे बुद्धिनिष्ठ समर्थन करणारा वक्ता म्हणून नावाजला गेला. त्यांची पुस्तके आमच्याकडेही सुशिक्षित ख्रिस्ती घरांतून असत. मे २०२० मध्ये ते वारले तेव्हा केवढी आदरांजली वाहिली गेली! फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीचा अहवाल बाहेर आला. मालिश करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी अनेक वर्षे केलेले लैंगिक गैरवर्तन त्यात उघड झाले, आणि संस्थेला ते मान्य करावे लागले. त्यांच्या हयातीत, २०१७ साली, एका स्त्रीने तक्रार केली होती. तेव्हा संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

या प्रकरणात मला त्या माणसाच्या पापापेक्षाही एक गोष्ट जास्त बोचते. लाखो लोकांना त्यांच्यात पवित्रता दिसत होती. ज्या मोजक्या स्त्रियांना खरे दिसले होते, त्यांचे कोणी ऐकत नव्हते. म्हणजे आपण साक्षीदारच चुकीचे निवडले होते.

मग योग्य साक्षीदार कोण? याचे उत्तर मराठी वाचकाला फार लांब शोधायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. कवी म्हणून, उपदेशक म्हणून त्यांचे मोठे नाव झाले. त्यांची गौरवचरित्रे निघाली. पण टिळक माणूस म्हणून कसे होते हे महाराष्ट्राला कळले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून. बाईंनी नवऱ्याला संत करून मखरात बसवलेले नाही. त्यांचा भडकणारा राग, पैशाचा मेळ नसणे, न सांगता घरातून निघून जाणे, त्यापायी आपल्या वाट्याला आलेली फरफट, काही लपवलेले नाही. आणि तरीही त्या पुस्तकातून एक असा माणूस उभा राहतो, की ज्याच्या हातात काही टिकत नाही कारण समोरच्याला गरज आहे. जो १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढतो. जो जात मानत नाही म्हणजे खरोखरच मानत नाही. लक्ष्मीबाई स्वतः सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या. त्यांचेही मन पुढे बदलले, आणि ते कोणाच्या व्याख्यानाने बदलले नाही. स्वयंपाकघरातून जी बाई नवऱ्याला रोज पाहते, त्याचे सगळे दोष जिच्या अंगावर येतात, तिने अखेरीस त्याच्या श्रद्धेबद्दल चांगली साक्ष द्यावी, याहून मोठे प्रमाणपत्र कोणत्या उपदेशकाला मिळणार?

येथे कोणी म्हणेल, की रागीट माणसाला तुम्ही पवित्र म्हणता, मग झकरायस यांनीच काय केले? दोघांतही दोष होतेच की. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. दोष असणे आणि दोन आयुष्ये जगणे यांत मी फरक करते. टिळकांचा स्वभाव घरादाराला आणि गावाला ठाऊक होता. त्यांनी स्वतःभोवती भिंत बांधली नाही. झकरायस यांच्याभोवती भिंत होती, आणि ती बांधायला देवाच्या नावाने आलेले पैसे आणि माणसे उपयोगी पडत होती. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना तेथील लोकांना पवित्र जन म्हणून हाक मारली आहे. ते लोक कसे होते? आपसांत तट पाडणारे, एकमेकांना कोर्टात खेचणारे, प्रभुभोजनाच्या वेळी गरिबांना उपाशी ठेवून आधी जेवणारे. पौलाने त्यांना पवित्र म्हटले आणि त्याच पत्रात त्यांचे एकेक दुर्वर्तन नाव घेऊन उघड्यावर मांडले. पवित्र लोकांत दोष नसतात असे त्याने मानले नाही. त्यांचे दोष झाकून ठेवायचे नसतात, एवढे मात्र नक्की मानले.

पवित्रता दिसायला वेळ लागतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ग्रॅहम स्टेन्स हे १९६५ पासून ओडिशातील मयूरभंज भागात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. चौतीस वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले होते? मला तरी ठाऊक नव्हते. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी त्यांना आणि फिलिप व तिमथी या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांना गाडीत जिवंत जाळले गेले, तेव्हा देशाला त्यांचे नाव कळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि मुलीला घेऊन पुढची काही वर्षे त्याच कामात राहिल्या. २००५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ती क्षमा पाहून माझ्या शिक्षकखोलीत कोणी थट्टा केली नाही. सगळे गप्प होते. अशी क्षमा त्या एका दिवसात तयार झाली असेल असे मला वाटत नाही. ती रोजच्या मलमपट्टीत, कोणी पाहत नसताना, हळूहळू तयार झालेली असणार. कुष्ठरोग्यांना ती आधीपासून दिसत होती. आम्हाला उशिरा दिसली.

आपल्याकडेही असे साक्षीदार आहेत. गावाकडचा एखादा म्हातारा मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची आठवण काढतो. तिने कोणते वचन सांगितले ते त्याला आठवत नाही. तिने नाक न मुरडता जखम धुतली, एवढे आठवते. ती बाई व्यासपीठावर कधी चढली नाही. तिला कोणी विचारले असते, "तुम्ही पवित्र आहात का?" तर ती लाजून कामाला लागली असती.

आता एक अवघड गोष्ट. आजच्या दिवसांत ख्रिस्ती माणसाकडे संशयाने पाहिले जाते. प्रार्थनेला चार माणसे जमली तरी धर्मांतराचा आरोप होतो. त्यामुळे आमच्यातले वडीलधारे म्हणतात, "आपल्या पाळकांचे दोष चव्हाट्यावर आणू नका. बाहेरचे टपूनच बसले आहेत." त्यांची भीती मला समजते. पण ज्या विधवेचे पैसे बुडाले, ज्या मुलीला पाळकाच्या खोलीतून रडत बाहेर यावे लागले, तीही मंडळीचीच आहे ना? तिला गप्प बसवून मंडळीचे नाव राखायचे, तर मग राखले ते कोणाचे नाव? मंडळीचे की त्या पाळकाचे? अंधारात ठेवलेली जखम चिघळते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. पाळक नेमताना त्याचा संदेश जरूर ऐकावा, पण तेवढ्यावर थांबू नये. तो आधी जेथे होता तेथील चर्चचा शिपाई, त्याच्या घरी भांडी घासणारी बाई, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांना विचारावे. त्याची उधारी किती आणि बोलणे कसे, ते त्यांना ठाऊक असते. दशांश आणि अर्पणाचा हिशेब दर वर्षी लेखापरीक्षण करून सर्वांसमोर वाचावा. आता पडद्यावर क्यूआर कोड दाखवून अर्पण घेतात, मग त्याच पडद्यावर जमाखर्च दाखवायला काय हरकत आहे? कोणी बाई तक्रार घेऊन आली तर तिला आधी बसायला खुर्ची द्यावी, आणि चौकशी पाळकाच्या मित्रांकडे सोपवू नये. जो उपदेशक खरा असेल त्याला याचा राग येणार नाही. ज्याला येईल त्याच्याविषयी आपल्याला काहीतरी कळलेच.

आणि हाच नियम तुम्हाआम्हाला. आपण पवित्र आहोत की नाही हे आपल्याला आरशात दिसायचे नाही, आणि मंडळीतले लोकही रविवारच्या कपड्यांतच आपल्याला पाहतात. ते माहीत असेल सुनेला, भाडेकरूला, भाजीवालीला, आणि ज्याच्याशी आपण वर्षभर बोललो नाही त्या भावाला. त्यांना विचारायचे धैर्य आपल्यात आहे का, एवढाच प्रश्न उरतो.